वजन उतरतंय, मग ब्राचं माप कधी बदलायचं?

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या ताई ४२ वर्षांच्या आहेत, तालुक्याच्या गावात माध्यमिक शाळेत शिकवतात. रक्तातली साखर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. आठ महिन्यांत त्या ८८ किलोंवरून ७४ वर आल्या आहेत आणि अजून आठ-नऊ किलो उतरवायचे आहेत. ब्रा मात्र पूर्वीच्याच, ४० बी. आता कप वरून चुरगळतात, पट्टे दंडावर घसरतात, ते आखडले की खांद्यावर वळ उठतात. फळ्यावर लिहायला हात वर केला की सगळंच वर चढतं आणि वर्गाकडे पाठ असतानाच ब्रा खाली ओढून घ्यावी लागते. मॅचिंग सेंटरमधल्या दादांनी नुसतं बघून ‘३८ घेऊन जा’ म्हटलं. ती ३८ बी बाजूने काचते, काखेजवळ फुगवटा येतो आणि मागची पट्टी तरी सैलच. सासूबाईंचं म्हणणं, वजन पुरतं उतरू दे, मग एकदाच घे. सकाळी चालायला जाताना त्या एकावर एक दोन ब्रा घालतात. एका मैत्रिणीने सुचवल्यावरून त्यांनी टेपने मापं घेतली: स्तनांच्या खाली ३५ इंच, भरल्या छातीवर ४० इंच. शेवटी विचारतात, ‘ब्लाउज आत्ताच आत घेऊ का? आणि स्तन ओघळल्यासारखे दिसतात, हेच का मेहनतीचं फळ? की इथेच थांबू?’

प्रिय ताई,

मापं लिहून पाठवलीत हे फार बरं केलंत. अंदाजाने बोलावं लागत नाही. ३५ आणि ४० या दोन आकड्यांवरून तुमचं आजचं माप निघतं ३६ डी. वाचून दचकला असाल. वर्षानुवर्षं ‘बी’ घेत आलात, त्यात वजन चौदा किलोंनी कमी झालं, मग हे ‘डी’ कुठून आलं? आधी तेच उलगडते, कारण तुमच्या निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच आहे.

आपल्याकडे बहुतेकींचा ब्राचा नंबर ब्लाउजवरून आलेला असतो. शिंप्याने वहीत छाती ४० लिहिली, की दुकानात जाऊन ‘४० नंबरची द्या’. पण शिंप्याचं ४० हे छातीच्या सर्वांत भरल्या भागावरचं माप असतं. ब्राच्या चिठ्ठीवरचा आकडा पट्टीचा असतो, म्हणजे स्तनांच्या खाली बरगड्यांभोवती जी पट्टी बसते तिचा. दोन मापं, दोन वेगळ्या जागा. त्यात भर म्हणून काही तक्ते खालच्या मापात ४ किंवा ५ इंच मिळवायला सांगतात. सम आकडा आला तर ४, विषम आला तर ५. तुमच्या ३५ मध्ये ५ मिळवले की पुन्हा ४०च हाती येतात, आणि मग आपला नंबर बरोबरच आहे अशी खात्री पटते. हे मिळवणं सोडून द्या. आताच्या पट्ट्या चांगल्या ताणल्या जातात. ३६ नंबरची पट्टी न ताणता मोजलीत तर ३६ इंचांपेक्षा बरीच कमी भरेल. अंगाला बिलगून बसावी म्हणूनच ती तशी कापलेली असते. म्हणून खालचं माप जे येईल त्याच्या जवळचा सम आकडा घ्यायचा. ३५ ला ३४ आणि ३६ दोन्ही जवळचे. तुम्ही सुरुवात ३६ पासून करा.

आता अक्षर. भरल्या छातीच्या मापातून पट्टीचा नंबर वजा करायचा. १ इंच फरक म्हणजे ए, २ म्हणजे बी, ३ म्हणजे सी, ४ म्हणजे डी. त्यापुढे कंपन्यांचं एकमत नाही, ५ इंचांना कुणी डीडी म्हणतं, कुणी ई. तुमचे ४० उणे ३६, म्हणजे ४.

‘डी’ म्हणजे खूप मोठं, हा समज मनातून काढून टाका, कारण अक्षर एकटं काहीच सांगत नाही. ३८ बीचा कप ३२ डीच्या कपापेक्षा मोठा असतो. पट्टी एक नंबर खाली आली की तेवढाच कप राखण्यासाठी अक्षर एक पायरी वर न्यावं लागतं. ४० बी, ३८ सी आणि ३६ डी, या तिघींच्या कपांत सारखंच मावतं. म्हणजे तुमच्या कपाला फारसं काही झालेलंच नाही; बिनसलंय ते पट्टीचं. आणि दादांनी दिलेली ३८ बी? तिचा कप ३६ सीएवढा, तुम्हाला हवा त्यापेक्षा एक पायरी लहान, आणि पट्टी मात्र अजून एक नंबर मोठी. म्हणून ती बाजूला काचली आणि मागे सैल राहिली. दादांनी आकडा कमी केला आणि अक्षर तेच ठेवलं, ही चूक फार ठिकाणी होते.

मग ४० बीचे कप चुरगळतात का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. पट्टी ढिली असली की कप अंगाला टेकतच नाही, पुढे कलतो आणि वरची कड सुटी पडते. ती सुटी कड पाहून आपल्याला वाटतं, कप मोठा झाला. आज संध्याकाळी एवढं करून बघा. जुनी ४० बी घाला, आरशासमोर उभ्या राहा आणि घरातल्या कुणाला तरी पाठीमागची पट्टी हुकांपाशी चिमटीत धरायला सांगा, दोन्ही बाजूंनी सारखी, अंगाला बिलगेल इतकी. पुढच्या बऱ्याच चुण्या तिथल्या तिथे जातील. ज्या उरतील त्यांचं कारण वेगळं आहे, त्यावर पुढे येते.

खांद्यावरच्या वळांचंही हेच. ब्राचा बहुतेक भार पट्टीने पेलायचा असतो, खांद्यावरच्या पट्ट्यांनी नाही. भरलेली कळशी कमरेवर घेतली तर घरापर्यंत येते; तीच दोरीने खांद्याला टांगली तर दोरी रुतते. पट्टी ढिली झाली की भार पट्ट्यांवर जातो. पट्टे पुढून खाली ओढले जातात आणि मागच्या सैल पट्टीला वर खेचतात. मागची बाजू वर गेली की पुढची खाली येते, मग आपण पट्टे आणखी आखडतो आणि मागची बाजू आणखी वर जाते. फळ्यापाशी तुमचं होतं ते हेच. मान आणि खांदे भरून येत असतील तर त्यालाही हे एक कारण असू शकतं.

तुम्ही मापं घेतलीत, पण नवी ब्रा घेण्याआधी ती पुन्हा एकदा नीट घ्या. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात घ्या. पाळीच्या आधीचे काही दिवस स्तन फुगलेले आणि हुळहुळे असतात, त्या मापाची ब्रा बाकीचे दिवस सैल वाटते. शिंप्याचा मऊ टेप असावा. खालचं माप उघड्या अंगावर, श्वास सोडून, टेप जमिनीला समांतर आणि अंगाला चांगला बिलगलेला. पाठीमागे टेप उतरलेला नाही ना, हे आरशात पाहा. आपल्या एकटीने घेतलेल्या मापात सगळ्यात जास्त चूक तिथेच होते. वरचं माप दोनदा घ्या. एकदा पॅड नसलेली साधी ब्रा घालून सरळ उभं राहून, आणि एकदा ब्रा काढून, कमरेत पुढे वाकून, पाठ जमिनीला समांतर ठेवून, टेप नुसता टेकवून. वजन उतरल्यावर स्तन मऊ पडतात आणि उभं राहिल्यावर पोटाकडे सपाट होतात. त्या स्थितीत टेपला त्यांचा पूर्ण आकार सापडत नाही. दोन्हींत एखाद्या इंचाचा फरक आला तर मधला आकडा धरा. फरक जास्त आला तर वाकून घेतलेल्या मापाकडे झुका आणि दोन मापांच्या ब्रा घालून बघा. टेप फक्त सुरुवात करून देतो. शेवटचा शब्द अंगावर घालून बघण्याचा.

घालून बघताना हुक सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सर्वांत सैल रांगेत लावा. नवी पट्टी त्या रांगेत नीट बसली पाहिजे. वापराने इलॅस्टिक सुटतं आणि तुमचं अंगही उतरतंय, दोन्हींसाठी आतल्या दोन रांगा शिल्लक हव्यात. तुम्हाला तर त्या रांगांचा दुप्पट उपयोग आहे: तीन रांगा मिळून साधारण एक-दीड इंच हातात राहतो. हुक लावल्यावर थोडं पुढे वाका आणि हाताने काखेच्या बाजूचा सगळा मऊ भाग अलगद कपात ओढून घ्या. ही पायरी बऱ्याचजणी करत नाहीत. मग जो भाग काखेत फुगवटा म्हणून दिसतो, तो खरं तर कपात जायचा राहिलेला असतो. मग सरळ उभ्या राहून बघा. मागची पट्टी पुढच्याइतक्याच उंचीवर आहे का? तिच्याखाली दोन बोटं जातील, पण मूठ जाणार नाही इतकी ती घट्ट आहे का? दोन स्तनांमधला तुकडा छातीच्या हाडाला टेकतोय का? (बिनवायरच्या ब्रात तो पूर्ण टेकेलच असं नाही, पण बोटभर उचलला जात असेल तर कप लहान पडतोय.) मग पट्टे खांद्यावरून खाली सोडा. ब्रा होती त्याच जागी राहिली तर पट्टी तिचं काम करतेय. घसरली तर नंबर खाली आणा. शेवटी हात वर करा, अगदी फळ्यावर तारीख लिहिता तितका. आणि खुर्चीवर बसून बघा, कारण बसल्यावर पोटाचा भाग वर येतो आणि अरुंद पट्टी तिथे गुंडाळली जाते.

आता मुद्दा थांबायचा. सासूबाईंचं म्हणणं काटकसरीचं आहे आणि त्यामागे काळजीही आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलीय: वजन एका ठरावीक दिवशी पुरतं उतरेल आणि तोपर्यंत हे अंग तात्पुरतं आहे. आठ-नऊ किलो उतरायला सहा महिने लागतील, आठही लागतील, मधे दोन महिने काटा हलणारही नाही. तेवढे दिवस खांदे काचवून घ्यायचे, चालताना अवघडायचं आणि वर्गात पाठ फिरवून ब्रा ओढायची, तर वाचलेल्या पैशांपेक्षा मोल जास्त गेलं. तशीच उलटी चूकही करू नका: ‘६५ किलोंना लागेल’ म्हणून आजच लहान माप घेऊन ठेवणं. कुठून किती उतरेल हे सांगता येत नाही. कुणाच्या बरगड्यांवरून आधी उतरतं आणि कप तसाच राहतो, कुणाचा कप आधी रिकामा होतो.

म्हणून आत्ता रोजच्या दोन ब्रा आणि चालायला एक, एवढंच घ्या. दोन रोजच्या असतील तर एक दिवसाआड वापरता येतात आणि इलॅस्टिकला पूर्ववत व्हायला वेळ मिळतो. महागातली, जाळीदार, हौसेची ब्रा वजन दोन-तीन महिने एका जागी टिकल्यावर घ्या, तेव्हा ती मनाजोगती निवडता येईल. दर महिन्याला पाळीनंतर टेप लावा आणि कपाटाच्या दाराच्या आत मापं लिहून ठेवा. आतल्या शेवटच्या रांगेत हुक लावूनही पट्टी वर चढायला लागली, की माप बदलायची वेळ झाली. तेव्हा कप भरलेला वाटत असेल तर ३४ डीडी, एक पायरी रिकामा वाटत असेल तर ३४ डी. आणि पट्टी ठीक असून फक्त कप रिकामा झाला असेल तर ३६ सी.

तालुक्याच्या दुकानात ३६ डी मिळेलच असं नाही. पुष्कळ ठिकाणी बी आणि सी एवढंच ठेवतात आणि ‘डी येत नाही’ म्हणून हात वर करतात. अशा वेळी ३८ बी नको, ३८ सी घ्या. कप तुमचाच आहे. पट्टी आत घेता येते. कप आत घेता येत नाही, घेतला तर त्याचा आकारच बिघडतो. चिठ्ठीवर सेंटिमीटरमधला आकडा असेल तर ८० म्हणजे ३६, ८५ म्हणजे ३८, ७५ म्हणजे ३४.

पट्टी आत घेण्याचं काम साधं आहे, पण त्यातही चुकायच्या जागा आहेत. पाठीमागची हुकांची पट्टी आणि ते हुक ज्यांत अडकतात ती फाशांची पट्टी, दोन्ही उसवायच्या. जितकं कमी करायचं ते निम्मं-निम्मं दोन्ही बाजूंनी कापायचं आणि त्याच पट्ट्या पुन्हा शिवायच्या. एकाच बाजूने कापलंत तर खांद्याचे पट्टे पाठीवर एका अंगाला सरकतात. एकूण दीड इंचापेक्षा जास्त कमी करू नका. त्यापुढे पट्टे मणक्याकडे येतात आणि कप बाजूने ओढले जातात. साधी सरळ टीप मारायची नाही. पट्टी ताणली की सरळ टिपेचा दोरा तुटतो, म्हणून झिगझॅग हवी, आणि ती पिको-फॉलवाल्या ताईंच्या मशीनवर सहज होते. हुकांच्या पट्ट्या जीर्ण झाल्या असतील तर शिवणसामानाच्या दुकानात नव्या मिळतात. तुमच्या ज्या एक-दोन जुन्या ४० बींचं इलॅस्टिक अजून जिवंत आहे, त्या दीड इंच आत घेऊन घरी घालायला काढा. ज्यांची पट्टी ओढून सोडली तरी मागे येत नाही, त्यांच्यावर शिलाई खर्चू नका.

आता त्या उरलेल्या चुण्यांकडे येते. वजन उतरतं तेव्हा स्तनांचा वरचा भाग, गळ्याखालचा, बऱ्याचजणींमध्ये आधी रिकामा होतो आणि भार खाली राहतो. म्हणून मापाला बरोबर असलेला पूर्ण झाकणारा कपही वरून पोकळ वाटतो. फोमचे तयार साच्यातले पॅडेड कप इथे सर्वांत वाईट बसतात, कारण साच्याचा आकार ठरलेला असतो आणि तो तुमच्या अंगाप्रमाणे वळत नाही. वाकलात की कपाची कड वाडग्यासारखी उघडी पडते. तुम्हाला दोन-तीन तुकडे जोडून शिवलेला, बिनपॅडचा कप शोभेल. शिवण उचलून धरते आणि कापड अंगाचा आकार घेतं. वरचा तुकडा ताणणाऱ्या जाळीचा असेल तर तो पोकळी राहू देत नाही. ज्यांना तेही पोकळ वाटतं, त्यांनी वरून जरा कमी झाकणारा कप घालून बघावा.

वायर घ्यावी का? वजन उतरत असताना मी बिनवायरची सुचवेन. वायरीचा कमानीसारखा आकार एका मापाला बेतलेला असतो. अंग उतरलं की ती रुंद पडते आणि टोक काखेत टोचतं. (वायरीच्या ब्रामुळे कर्करोग होतो असं जे ऐकायला मिळतं, त्याला आधार नाही. तुम्हाला ती आवडत असेल तर वजन स्थिरावल्यावर खुशाल घ्या.) म्हणून दुकानात नुसता नंबर सांगून थांबू नका. सांगा, ‘बिनवायरची, बिनपॅडची, शिवणीच्या कपाची, मागे तीन हुकांची आणि खाली रुंद पट्टीची दाखवा.’ दोन हुकांची पट्टी तुमच्या मापाला अरुंद पडते आणि गुंडाळते. खांद्याचे पट्टे बोटभर रुंद असावेत. पट्टीचं माप सुधारूनही ते घसरत असतील तर खांदे उतरते असतील. मग पट्टे पाठीवर एकमेकांच्या जवळ आलेली घ्या, किंवा दोन्ही पट्टे मागे जोडणारी छोटी क्लिप लावा. पुरुष दुकानदारापुढे बोलायला संकोच वाटत असेल तर हे सगळं चिठ्ठीवर लिहून पुढे करा. औषधाच्या दुकानात आपण चिठ्ठी देतोच की. घालून बघायची सोय नसेल तर आधी एकच घ्या, ती दोन दिवस घाला आणि मग दुसरी आणा.

चालण्याच्या वेळच्या दोन ब्रांबद्दल. तुम्हाला आधार हवा होता आणि तुम्ही हाताशी होतं त्यातून तो मिळवलात, यात लाजण्यासारखं काही नाही. जगातली पहिली स्पोर्ट्स ब्रा १९७७ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये अशीच निघाली: पळायला जाणाऱ्या बायकांनी पुरुषांचे दोन सपोर्टर एकमेकांना शिवून ती बनवली. पण दोन सैल पट्ट्या मिळून एक घट्ट पट्टी होत नाही, आणि मधे घाम साचतो. स्पोर्ट्स ब्रा दोन प्रकारच्या. एक नुसती छातीशी दाबून धरणारी, डोक्यावरून घालायची, एस-एम-एल मापांची. ती लहान कपांना आणि हलक्या व्यायामाला पुरते. दुसरीत दोन्ही स्तनांना वेगळे कप असतात, मागे हुक आणि पट्टे कमी-जास्त करता येतात. तुमच्या मापाला दुसरी. ती घालून जागच्या जागी दहा उड्या मारा आणि खोल श्वास घ्या. उडी मारताना हात आपोआप छातीकडे गेला तर आधार कमी. श्वास पूर्ण घेता आला नाही तर पट्टी जास्त घट्ट. घरी आल्यावर ती लगेच काढा.

यावरून घामाकडे येते. स्तनांच्या खालची त्वचा एकमेकांवर घासते, तिथे घाम साचतो, आणि पावसाळ्यात तर ती जागा दिवसभर ओली राहते. मग लाल होतं, खाजतं, वास येतो. अंघोळीनंतर ती घडी टॉवेलने टिपून, पंख्याखाली पूर्ण कोरडी होऊ द्या, मगच ब्रा घाला. दिवसा मलमलीचा धुतलेला तुकडा घडी घालून तिथे ठेवला तरी चालतो. लाली आठवड्यात गेली नाही तर डॉक्टरांना दाखवा. दुकानातून गजकर्णाचं मिश्र मलम आणून लावू नका. त्यांतल्या अनेकांत स्टेरॉइड असतं, चार दिवस बरं वाटतं आणि नंतर ते चिवट होऊन पसरतं. आणि ब्रा कुठे वाळते तेही बघा. आपल्या घरांत ती परकराच्या किंवा टॉवेलच्या खाली, लोकांच्या नजरेआड वाळत घालायची रीत आहे. तिथे तिला वारा लागत नाही, संध्याकाळी पट्टीची शिवण हाताला दमट लागते, आणि तीच आपण सकाळी घालतो. सावलीत, पण उघड्यावर, वाऱ्याला टाका. कडक उन्हाने आणि गरम पाण्याने इलॅस्टिक मरतं. हाताने, साध्या पाण्यात, न पिळता. मशीनमध्ये घालायचीच तर हुक लावून जाळीच्या पिशवीत.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. तो तुम्ही पत्राच्या तळाशी, जाता जाता लिहिलाय, पण सर्वांत जड तोच असावा. स्तनांत दुधाच्या ग्रंथी असतात, चरबी असते, आणि त्यांना धरून ठेवणारे नाजूक तंतू आणि त्वचा असते. स्नायू नसतात. वजन उतरतं तेव्हा चरबी कमी होते, पण ताणलेली त्वचा आणि तंतू त्या प्रमाणात आखडत नाहीत. म्हणून ते खाली आल्यासारखे दिसतात. यात तुमची चूक नाही, मेहनतीची नाही, आणि सैल ब्रा घातलीत म्हणूनही हे झालेलं नाही. मालिशच्या तेलांनी किंवा क्रीमने ते वर येत नाहीत. भिंतीला हात टेकून केलेल्या दंडांनी स्तनांच्या मागचे छातीचे स्नायू बळकट होतात, ताठ उभं राहायला मदत होते. त्यासाठी जरूर करा, स्तन उचलले जातील म्हणून नको. ब्रा घातल्यावर आकार बदलतो, काढल्यावर शरीर जसं आहे तसं असतं. रात्री ब्रा घालून झोपल्याने यात फरक पडत नाही, सोय वाटत असेल तर घाला, नाही तर नको.

तुम्ही वजन उतरवायला घेतलं ते साखरेसाठी. ते काम चाललंय. आरशात दिसणाऱ्या या बदलापायी ते अर्ध्यावर सोडू नका, असं मी कळकळीने सांगेन. वाईट वाटतंय तर वाटू द्या. आठ महिने भूक सांभाळली, पहाटे उठलात, आणि शरीराने एका ठिकाणी वेगळंच उत्तर दिलं, याचं दुःख खरं आहे. पण हे दुःख तुम्हाला झालं ते चुकीच्या मापाच्या ब्रात स्वतःला बघून, हेही ध्यानात ठेवा. ३६ डी नीट बसल्यावर एकदा आरशासमोर उभ्या राहा आणि मग पुन्हा ठरवा.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष ठेवा. चरबी कमी झाली की स्तनांच्या आतली गाठ हाताला जास्त स्पष्ट लागते. ‘वजन कमी झालं म्हणून लागतेय’ असं म्हणून ती सोडून देऊ नका. एकाच स्तनाचा आकार अचानक बदलला, त्वचेवर खळगा पडला किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, बोंड नव्याने आत ओढलं गेलं, त्यातून रक्त किंवा पाणी आलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. दोन स्तन थोडे लहान-मोठे असणं मात्र अगदी नेहमीचं आहे. माप मोठ्याला धरायचं आणि लहान बाजूच्या कपात पातळ पॅड सरकवायचं.

राहिले ब्लाउज. आत्ता एकही आत घेऊ नका. नव्या ब्रात छातीचा उंच भाग वर येईल, एखाद-दीड इंचसुद्धा, आणि ब्लाउजच्या टक्सचं टोक जुन्या जागी, खाली राहील. कटोरी ब्लाउज असेल तर कटोरीच खाली पडेल. म्हणून आधी ब्रा, मग ब्लाउज. शिंप्याकडे जाताना नवी ब्रा घालून जा, छातीबरोबर खांद्यापासून टोकापर्यंतचं माप पुन्हा घ्यायला सांगा, आणि रोज लागणारे तीन-चारच आत घ्या. माया कापू नका म्हणून त्यांना बजावून सांगा, नुसती आतून टीप मारा म्हणावं.